परीक्षा पुढं ढकलली आहे

आमच्या गल्लीतले विजेचे खांब वाजायला लागले की आई आधी स्टोव्ह बंद करायची आणि मग अंगणातले वाळत घातलेले कपडे ओढून आणायची. नल्लकुंट्याच्या त्या टोकाला कुणीतरी लोखंडी खांबावर दगड आपटायचा, ते ऐकून पुढच्या गल्लीतलं पोट्टं पुढचा खांब वाजवायचं, आणि बघता बघता तो ठणठणाट आमच्या दारावरून बरकतपुऱ्याकडं निघून जायचा. पोलिसांची गाडी आली, एवढाच त्याचा अर्थ. हे बहुतेक भर दुपारी व्हायचं. ताटातली भाकरी तशीच राहायची, आबा घरी असले तर उठून दाराला कडी घालायचे, आणि थोड्या वेळानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागायचे. अश्रुधूर हा शब्द आईला उच्चारता यायचा नाही. ती त्याला मिरचीचा धूर म्हणायची, आणि घरात आधीच मिरच्या कमी आहेत नि हे मेले रस्त्यावर जाळायलेत, असं म्हणून आम्हाला डोळ्याला लावायला ओलं फडकं द्यायची.

आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, मागं मोरी आणि वर गच्चीला लागून एक खोली. गाव नांदेडच्या बाजूचं. तिथली जमीन विकून आबांनी हे घर बांधलं होतं. निजामाचं राज्य गेलं आणि पुढं त्याचे भाषेप्रमाणं तीन तुकडे झाले, तेव्हा गाव महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही हैदराबादेत राहिलो, कारण आबांची नोकरी इथं होती. सरकारी कचेरीत ते कारकून होते. ऑफिसात उर्दू, बाजारात दखनी, शेजाऱ्यांशी तेलुगू आणि घरात मराठी अशा चार भाषा ते बोलायचे, आणि चारही भाषांत त्यांचं म्हणणं एकच असायचं, की आपण या भानगडीत पडू नये.

भानगड अशी होती की तेलंगणाला वेगळं राज्य पाहिजे होतं. समुद्राकडचा आंध्र आणि आमच्याकडचा तेलंगणा एकत्र करून एक राज्य केलेलं होतं, आणि आता इकडचे लोक म्हणायला लागले होते की आमच्या नोकऱ्या तिकडचे नेतात, आमचं पाणी तिकडं जातं, आम्हाला कुणी विचारत नाही. ते खोटं नव्हतं. आबांच्या डोक्यावर त्यांच्यापेक्षा लहान वयाचे, तिकडून आलेले साहेब एकामागून एक बसले, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण तिकडून आलेल्यांचंही म्हणणं होतं की आम्ही परीक्षा देऊन आलो, चोरी करून नाही. एकाच भाषेची माणसं एकमेकांना परकी म्हणत होती, आणि आम्ही मराठी माणसं मधल्या भिंतीसारखी दोन्हीकडचं ऐकत होतो.

माझा भाऊ दत्तादादा मात्र भिंत व्हायला तयार नव्हता. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. सकाळी चहा पिऊन बाहेर पडायचा तो संध्याकाळी घसा बसवून यायचा. आबा पेपर वाचत बसलेले असायचे, आणि दोघांचं सुरू व्हायचं.

"तेलुगू लोकांचं भांडण आहे ते," आबा म्हणायचे. "त्यात आपलं काय अडलंय?"

"आपण मुल्की आहोत, आबा. इथले. इथल्या नोकरीवर आपला हक्क आहे. तुमचं प्रमोशन कुणी खाल्लं?"

"माझं प्रमोशन मी बघून घेईन. मी एकदा राज्य तुटलेलं बघितलंय. माझा सख्खा भाऊ त्या दिवसापासून दुसऱ्या राज्यात राहतो. तुटून काय मिळालं?"

"तुम्हाला मिळालं नाही म्हणून आम्ही पण मागायचं नाही का?"

आबा पेपरची घडी घालायचे आणि आईवर ओरडायचे, की चहात साखर नाही. साखर खरंच नसायची, दुकानंच बंद. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी साहेब काही टाकून बोलला की संध्याकाळी तेच आबा म्हणायचे, "झालं पाहिजे वेगळं राज्य, एकदाचं होऊनच जाऊ दे." दादा खूश व्हायचा. तिसऱ्या दिवशी गोळीबाराची बातमी यायची आणि आबा पुन्हा फिरायचे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. त्या सगळ्या महिन्यांत त्या दोघांपैकी एकानंही मान वळवून मला विचारलं नाही की पमे, तुझं काय.

माझं असं होतं की मी मॅट्रिक होऊन कॉलेजात पी.यू.सी.ला होते, आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या नात्यात एकही मुलगी मॅट्रिकच्या पुढं गेलेली नव्हती. माझी ही इच्छा घरात एकाच माणसानं मनावर घेतली होती आणि ते माणूस आमच्या घरचं नव्हतं. वरच्या खोलीत राहणाऱ्या त्या टीचरम्मा. तेनालीच्या बाजूच्या, म्हणजे समुद्राकडच्या आंध्रातल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, सरकारी शाळेत विज्ञान शिकवायच्या. बदली होऊन हैदराबादला आल्या तेव्हापासून आमच्याकडं भाड्यानं होत्या. मी मराठी शाळेतून एकदम इंग्रजी कॉलेजात गेले आणि पहिल्या महिन्यातच रडत घरी आले, तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं, समोर बसवलं आणि फिजिक्सचं पुस्तक उघडलं. त्या दिवसापासून रोज शाळेतून आल्या की त्या मला शिकवायच्या. थोडं तेलुगू, थोडं हिंदी, अवघड शब्द इंग्रजी. मी चुकले की कपाळावर हात मारून "अय्यो, अम्मायी!", म्हणजे अगं पोरी, म्हणायच्या आणि तेच गणित पुन्हा घालायच्या.

आईचं आणि त्यांचं अंबाडीवरून कायमचं भांडण होतं. आमच्याकडं अंबाडी म्हणजे कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटलेली भाजी, वरून लसणाची चरचरीत फोडणी, बरोबर ज्वारीची भाकरी. त्यांच्याकडं तीच पानं गोंगुरा व्हायची. तेलात परतून, लाल मिरच्या घालून, पाट्यावर वाटून अशी चटणी करायच्या की पहिल्या घासाला कानातून वाफ यावी. "हे काय, नुसतं आंबट आणि तिखट," आई म्हणायची. "तुमचं म्हणजे आजाऱ्याचं जेवण," त्या म्हणायच्या. आणि दोघी एकमेकींच्या वाट्या चाटून पुसून परत करायच्या. दादाला तर भाजीपेक्षा ती चटणीच आवडायची. गरम भातावर तीळतेल ओतून तो ती खायचा आणि मग बाहेर जाऊन "गैरमुल्की परत जा" म्हणून ओरडायचा. यात काही विसंगत आहे असं त्याला वाटत नव्हतं. मी बोलून दाखवलं तर म्हणायचा, "टीचरम्मांचं वेगळं आहे. आम्ही त्यांच्याबद्दल थोडंच बोलतो?"

एकदा त्यानं आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर कोळशानं "जय तेलंगणा" लिहिलं. तेलुगूत लिहिलं, कारण मराठीत लिहून वाचणार कोण. पण तो मराठी शाळेत शिकलेला, तेलुगू अक्षर त्याच्या हाताला वळत नव्हतं. टीचरम्मा शाळेतून आल्या, भिंतीपुढं छत्री टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाचलं. मला वाटलं आता रडतील नाहीतर रागावतील.

"दत्ता," त्यांनी हाक मारली. "तेलुगूत 'ग' दीर्घ पाहिजे. ही परीक्षा असती तर मी मार्क कापले असते."

दादा कानापर्यंत लाल झाला. पण कोळसा घेऊन गेला आणि त्यानं काना दिला. त्या वर गेल्या. त्या दिवशी शिकवताना मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. मध्येच म्हणाल्या, "ही बदली मी मागितली नव्हती, अम्मायी. मला समुद्राजवळच राहायचं होतं." मग पुन्हा लेन्सच्या गणिताकडं वळल्या.

परीक्षा मार्चमध्ये व्हायची होती, ती पुढं गेली. नवी तारीख आली, तीही पुढं गेली. रेडिओवर बातम्यांच्या शेवटी, हवामानाच्या आधी, तो सपाट आवाज सांगायचा की परीक्षा पुढं ढकलण्यात आली आहे. मी प्रत्येक वेळी नव्यानं अभ्यास करायची. बेडकाचं रक्ताभिसरण मी इतक्या वेळा पाठ केलं की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी आकृती काढून देईन. शिकलेलं शिळं व्हायला लागलं की कसा संताप येतो, हे ज्याला अनुभव नाही त्याला सांगता येत नाही. धावायला सज्ज होऊन उभं राहावं आणि कुणी शिट्टीच वाजवू नये, तसे ते महिने होते. आमच्या कॉलेजला कुलूप. मैत्रिणींपैकी कुणी सभांना जायची, कुणाचं लग्न ठरलं. आबांचा एक भाऊबंद गावाकडून येऊन म्हणून गेला, की असंही कॉलेज बंदच आहे, तर पोरीचं उरकून का घेत नाही. आबांनी त्याला नाही म्हटलं नाही. बघू, म्हटलं.

मग एका दुपारी टीचरम्मांच्या खिडकीवर दगड आला. आमच्या गल्लीतल्यांनी मारला नव्हता, असं सगळे म्हणाले. काच फुटून त्यांच्या तांदळाच्या डब्यात पडली. आई आणि त्या, दोघी बसून तांदूळ निवडत होत्या, काचेचा तुकडा सापडला की आई तो उचलून बाजूला ठेवायची आणि एकेक शिवी द्यायची. दोन दिवसांनी दादाचा दोस्त यादगिरी चार-पाच जणांना घेऊन दारात आला. यादगिरी आमच्या घरी लहानपणापासून जेवलेला. त्याला नीट बघताही येईना आईकडं.

"अम्मा," तो म्हणाला, "तुमसे कुछ झगडा नै. ऊपर की टीचर को बोलो, थोडे दिन अपने गाँव जाना बोल के. हम रोकते, पर बाहर के पोट्टे आए तो हम क्या करना?"

"तू येऊन धमकी देतोस का रे, यादगिरी?"

"धमकी नै, अम्मा. डर लगता."

खरंच त्याला भीती वाटत होती. दादा आत होता, बाहेर आलाच नाही. आबा म्हणाले, जरा थांबा, विचार करून सांगतो. आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते उठून मोरीत गेले आणि पाय धूत बसले.

विचार करायची वेळ टीचरम्मांनी कुणावर आणली नाही. वरून त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक ट्रंक आणि वळकटी बांधली. विजयवाड्याला भावाकडं जाते, शाळा उघडल्या की येईन, म्हणाल्या. आई म्हणत होती, राहा, आम्ही आहोत. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणूनच जाते. माझ्यामुळं तुमची काच नको फुटायला." ट्रंक जड होती, पुस्तकांची. रिक्षापर्यंत ती दादानं नेली. डोक्यावर घेऊन चालला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा घामानं की कशानं ओला झाला होता, ते मी विचारलं नाही. त्यांनी जाताना माझी हनुवटी धरली. "परीक्षा कधीही लागली तरी दे," त्या म्हणाल्या. "कोण घेतंय, कुठल्या राज्यात घेतंय, ते बघू नको."

त्या गेल्यावर परीक्षा लागली. पोलीस बंदोबस्तात, नारायणगुड्याच्या एका शाळेत. विद्यार्थ्यांनी लगेच बहिष्कार पुकारला. दादा घरी येऊन माझ्यासमोर बसला. किती दिवसांनी तो माझ्याशी बोलायला बसला होता.

"पमे, नको जाऊस."

"का?"

"पोरं मेलीत गोळीबारात. तू जाऊन बेडकाची आकृती काढणार? लोक मला काय म्हणतील?"

"आणि माझं वर्ष?"

"एक वर्ष! वेगळं राज्य झालं की पहिली सीट तुझी. आपल्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "तुझं तू ठरव." आणि मी ठरवलं असं म्हणताच म्हणाले, "पण नको जाऊस. उगाच कशाला." मला त्या क्षणी दोघांपैकी कुणाचा जास्त राग आला ते आजही सांगता येत नाही. दादाला निदान काहीतरी पाहिजे होतं.

सकाळी आईनं ज्वारीची भाकरी आणि दही माझ्यापुढं ठेवलं, स्वतः बाहेरची साडी नेसली आणि म्हणाली, "चल." तिला परीक्षेतलं काही कळत नव्हतं. अक्षरओळखही जेमतेम. बरकतपुऱ्यावरून आम्ही चालत गेलो. बस बंद होत्या. सगळ्या दुकानांची शटर खाली, रस्त्यावर जळलेल्या टायरची काळी वर्तुळं. शाळेच्या फाटकापुढं पोलीस उभे, आणि पोलिसांच्या पुढं मुलं जमिनीवर आडवी पडलेली, जाणाऱ्यानं अंगावरून जावं म्हणून. बाजूला घोषणा देणाऱ्यांत दादा. त्यानं आम्हाला पाहिलं. घोषणा थांबवून तो आडवा आला आणि त्यानं हात जोडले. मला नाही, आईला.

"आई, हिला घरी ने. सगळे बघायलेत."

"बघू दे," आई म्हणाली. "तुझी ती टीचर हिच्यापायी वर्षभर घसा फोडत होती. तू चटणी खात होतास. बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही, पण त्यानं हातही लावला नाही. आईनं मला त्याच्या काखेखालून पुढं ढकललं. आडव्या पडलेल्या मुलांच्या मधून, कुणाच्या अंगाला पाय लागू नये म्हणून साडी वर धरून मी चालत गेले. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथं पडली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

आत बाकं रिकामी होती. मोजक्याच आम्ही. फिजिक्सचा पेपर. हातात आला आणि पहिलाच प्रश्न लेन्सचा. मला हसू आलं. कित्येक महिन्यांनंतर माझा हात कागदावर धावत होता. मला आतून ओळखीचा एक आवाज "अय्यो, अम्मायी" म्हणत होता आणि मी चुकत नव्हते. पेपर निम्मा झाला असेल. बाहेरचा गोंगाट एकाएकी जवळ आला, मागचं फाटक कडाडलं आणि वर्गात मुलं शिरली. आमच्यावर कुणी हात टाकला नाही, ते खरं सांगायला पाहिजे. त्यांनी फक्त कागद घेतले. माझ्या बाकाशी आलेला मुलगा माझ्याच वयाचा होता, धापा टाकत होता. मी उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी दाबून धरली. तो म्हणाला, "सोडो ना बहन, प्लीज." प्लीज म्हणाला. आणि मग त्यानं ओढली. माझ्या हातात कोपरे राहिले.

परीक्षा रद्द झाली. संध्याकाळी रेडिओवर त्याच सपाट आवाजात सांगितलं.

घरी आईनं दादाला वाढलं नाही. त्यानं स्वतः ताट घेतलं, भाकरी घेतली आणि म्हणाला, "आत शिरणाऱ्यांत मी नव्हतो." तो खरंच नव्हता. मला कधीकधी वाटतं, तो असता तर बरं झालं असतं. राग धरायला एक जागा मिळाली असती.

पुढं वर्ष सरता सरता पुढारी पुढाऱ्यांना भेटले, कुणी मंत्री झालं, आणि खांब वाजायचे थांबले. वेगळं राज्य झालं नाही. दादा पुस्तकांकडं वळला, पास झाला आणि त्याच एकत्र राज्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला लागून साहेब होऊन निवृत्त झाला. टीचरम्मा परत आल्या नाहीत. त्यांचा भाऊ उरलेलं सामान न्यायला आला, त्याच्याकडून कळलं की त्यांनी तिकडं बदली करून घेतली. मी पुढच्या वर्षी परीक्षा दिली. शिकवणारं कुणी नव्हतं, मनही उडालेलं. पास झाले, पण मेडिकलला पुरतील एवढे मार्क नव्हते. बी.एस्सी. केलं आणि मलकपेठेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं. वाईट काम नव्हतं. फक्त रिपोर्टवर सही नेहमी दुसऱ्याची असायची.

वेगळं राज्य झालं ते आम्ही दोघंही म्हातारी झाल्यावर. आणि मध्यंतरी मलकपेठेतल्या एका हॉलमध्ये त्या जुन्या आंदोलनातल्या लोकांचा सत्कार झाला, त्यात दादा होता. त्याची मुलं परदेशात, म्हणून सोबतीला मी गेले. शाल मिळाली, नारळ मिळाला. दादा तेलुगूत बोलला, छान बोलला. तरुणांनी केवढा त्याग केला, म्हणाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

परतताना काचीगुड्याला गर्दी म्हणून ऑटोवाल्यानं नारायणगुड्यावरून घेतलं. ती शाळा आता नाही, तिथं साड्यांचं चार मजली दुकान आहे. सिग्नलला ऑटो थांबली.

"इथंच तू उभा होतास," मी म्हणाले.

"कधी?"

"माझ्या परीक्षेच्या दिवशी. फाटकात."

त्यानं शाल सारखी केली. आठवायचा प्रयत्न केला, मनापासून. "मी? नाही गं. आम्ही सगळे तेव्हा विद्यापीठाकडं असायचो." मग माझ्याकडं वळून, थकलेल्या, प्रेमळ डोळ्यांनी म्हणाला, "तुझी परीक्षा होती का त्या वर्षी?"

"होती."

"मग? कशी गेली?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अर्धी," मी म्हणाले.

"अर्धी का?"

सिग्नल सुटला. मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न दिले. मी त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मोठ्यानं, त्याच्या कानाशी वाकून, आणि तो कानामागं हात धरून बरकतपुऱ्यापर्यंत विचारत राहिला, "काय? काय म्हणालीस?"